पट्टीखालचा गंज

भाऊजींच्या डाव्या हाताची तीन बोटं कशामुळं गेली, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांना आणि मला. माझ्या बहिणीला ते कधी कळू द्यायचं नाही, असं त्यांनी दवाखान्यात माझ्याकडून कबूल करून घेतलं. माणूस खाटेवर पडलेला, हाताला पांढऱ्या पट्ट्यांचं एवढं मोठं गाठोडं, डोळे तारवटलेले. अशा वेळी कोण नाही म्हणतो? मी हो म्हटलं. पण हो म्हणणं सोपं असतं अन् निभावणं कठीण. पुढं वर्षभर बहिणीच्या समोर बसायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून उठायचो.

माझा धंदा बंदुका दुरुस्त करायचा. गोंदियात बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान, राहायला फुलचूरला. बंदूकवाला म्हटलं की लोक एक पाऊल मागं सरतात, जणू मी रोज सकाळी दोन मुडदे पाडून मगच चहा पितो. अरे बाबांनो, माझ्याकडं येतात ते बँकेचे चौकीदार, ज्यांनी सगळ्या नोकरीत एक बार काढलेला नसतो. नाहीतर जुन्या मालगुजार-जमीनदारांची नातवंडं, ज्यांना आजोबाची दोन नळ्यांची दुनाली विकवतही नाही अन् सांभाळवतही नाही. निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा. परत मिळतात तेव्हा नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असतं. "भैया, जरा साफ कर दो," म्हणतात, अन् ते घर बघून हसतात. मला नाही हसू येत. नळी बुजलेली असताना घोडा दाबला तर काय होतं, ते हसणाऱ्याला ठाऊक नसतं.

दुकान बाबांनी काढलेलं. बाबा तरुणपणी उत्तरेकडं एका बंदुकीच्या कारखान्यात नळ्यांच्या खात्यात होते, तिथून आले ते नळीचं वेड घेऊनच. गिऱ्हाईक बंदूक हातात घेऊन आधी लाकडाच्या कुंद्यावरची नक्षी न्याहाळायचं, तेव्हा बाबा भडकायचे. "पोरगी पाहाले गेला अन् मांडवाचा कपडा पाहून आला," असं तोंडावर म्हणायचे. त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे नळी, बाकी सगळं तिची चाकरी करायला. या बोलण्यापायी आमची किती गिऱ्हाइकं तुटली, देव जाणे.

चांगली नळी म्हणजे नुसता लोखंडी पाइप नव्हे. काडतूस बसतं तिथं ती जाड हवी, कारण सगळा दाब तिथं. पुढं ती हळूहळू पातळ होत जाते, नाहीतर बंदूक तोंडाकडून जड होते अन् खांद्याला लावेपर्यंत हात भरून येतो. हे पातळ होणं चारी अंगांनी सारखं हवं. एका बाजूला जास्त घासली गेली की तिथंच नळीचं मरण. आतून गुळगुळीत, तोंडाशी केसभर आवळलेली, म्हणजे छर्रे फार फाकत नाहीत. दुनालीचं काम तर आणखी नाजूक. दोन नळ्या शेजारी शेजारी सरळ दिसतात, पण त्या पुढं जाता जाता एकमेकींकडं किंचित झुकलेल्या असतात, तेव्हा कुठं दोन्ही बार एका जागी पडतात. त्यांना धरून ठेवायला वरून एक आणि खालून एक अशा पोलादाच्या लांब पट्ट्या कथलानं झाळतात. त्या पट्ट्यांच्या खाली, दोन नळ्यांच्या मधोमध, पोकळी राहते. एकदा झाळली की ती जागा पुन्हा कोणाला दिसत नाही, बाहेरूनही नाही आणि नळीला डोळा लावूनही नाही.

ती जागा तपासायची बाबांची एक रीत होती. नळ्या कुंद्यापासून सोडवायच्या, एका बोटावर टांगायच्या आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं टकटक करायचं. पट्ट्या घट्ट असतील तर घंटेसारखा आवाज निघतो अन् बराच वेळ रेंगाळतो. कुठं झाळ सुटली असेल तर भद्द वाजतं. भद्द वाजलेली बंदूक बाबा तशी परत देत नसत, मालकानं कितीही नाक मुरडलं तरी. पट्ट्या उकलून, आतला गंज खरवडून, पुन्हा झाळूनच द्यायचे.

आम्ही दोघं भावंडं शाळा सुटली की दुकानातच असायचो. मी बाबांचा हात बघायचो आणि बाई ऐकायची. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाईच म्हणतो. बाबा वाजवायचे अन् पाठमोऱ्या बसलेल्या बाईला विचारायचे, "काय व, कशी हाय?" ती मान न वळवता सांगायची. चुकलेली मला आठवत नाही. मी मात्र हमखास चुकायचो अन् टपली खायचो. "कान हिचा अन् हात तुहा," बाबा म्हणायचे, "दोघायचा मिळून एक कारागीर झाला असता." पण पोरीला दुकानात कोण बसवतं? वेळ झाली तशी तिला अर्जुनी मोरगावच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला दिली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

भाऊजींचं घर एकेकाळी मालगुजारीचं. मालगुजारी गेली, तलाव सरकारात गेला, धानाच्या बांध्या भावाभावांत वाटल्या गेल्या. आजोबाची दुनाली तेवढी राहिली, अन् तिच्यासोबत मिशीला पीळ द्यायची सवय. पण काय नळ्या होत्या त्या! लग्न जमलं तेव्हा बाबांनी बैठकीतच त्या सोडवून मागितल्या आणि बोटावर टांगून वाजवल्या. आवाज विरेपर्यंत बैठकीत कोणी बोललं नाही. घरी येताना गाडीत बाबा आईला म्हणाले, "पोरीले चांगलं घर भेटलं." नळीवरून घर पारखणारा आमचा बाप! आई कपाळावर हात मारून खिडकीबाहेर बघत बसली.

आता तुम्ही म्हणाल, सासरा बंदूकवाला, साळा बंदूकवाला, तेव्हा ती बंदूक दरवर्षी आमच्याच दुकानात येत असणार. इथंच तर घोडं पेंड खातं. जावयाकडून कामाचा पैसा घेणं आमच्यात पाप, अन् सासरवाडीकडून फुकट काम करून घेणं मालगुजाराच्या नातवाच्या शानीत बसत नाही. परक्या दुकानात द्यावी तर सोयऱ्यांची बेअब्रू. म्हणून ती कुठंच जात नसे. भेटलो की मी दर वेळी म्हणायचो, "भाऊजी, आणा एकदा, पाहून देतो." "हो हो, पाहू," म्हणून ते पानाचा डबा पुढं करायचे. गजाला कापड गुंडाळून ते स्वतःच तेल फिरवत, नळी उजेडाकडं धरून आत बघत. "आरशावानी हाय," म्हणत. खोटं नव्हतं ते. आतून ती आरशासारखीच होती.

त्या घरात दसऱ्याला बंदुकीची पूजा होते. दसऱ्याला हत्यारं आमच्याकडंही पुजतात. मी माझ्या दुकानातली पूजा सोडून त्या दिवशी कुठं जात नाही, म्हणून त्यांची पूजा मी कधी पाहिली नव्हती. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं असतील, एवढाच माझा अंदाज. त्यांची रीत मला नंतर कळली. थोरल्या सुनेनं बंदूक पाटावर ठेवायची, आधी पाण्यानं आणि मग कच्च्या दुधानं न्हाऊ घालायची. दूध नळ्यांवर, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरून, तोंडापासून कुंद्यापर्यंत धार न तोडता सोडायचं. बाईची सासू म्हणायची, "दूध पिलेली बंदूक घरच्यावर उलटत नाई." सासू वारली तरी बाईनं रीत सोडली नाही. एकादशीच्या फराळात चुकून उपासाला न चालणारं काही पडलं तर दिवसभर स्वतःला खात बसणारी बाई ती, घरची रीत कशी सोडेल?

त्या साली दसरा झाला आणि धान लोंबीवर आलं. जंगलाच्या कडेला धान पिकलं की रानडुकरं उतरतात. खातात थोडं अन् बांधीची बांधी लोळवून टाकतात. भाऊजी बंदूक घेऊन शेताच्या धुऱ्यावर गेले. मारायची नव्हती, नुसता हवेत बार काढून हुसकवायची. दिवस मावळतीला होता. त्यांना डावा हात बराच पुढं, उघड्या नळीवर धरायची सवय, आजोबाकडून उचललेली. पहिला बार नीट गेला. दुसऱ्याला डावी नळी मधेच फाटली.

मला फोन आला तेव्हा ते गोंदियाच्या वाटेवर होते. गोंदियातून नागपूर. बाई त्यांच्यासोबत जीपमध्ये मागं बसून आली होती; लुगड्याचा पदर त्यांच्या हाताला गुंडाळलेला आणि पार भिजलेला. मला पाहून ती रडली नाही. "भाऊ, बोटं सोबत आणली हायेत, चिंधीत," एवढंच म्हणाली. त्या बोटांचा काही उपयोग झाला नाही. डॉक्टरनं मान हलवली तेव्हा ती चिंधी कुठं ठेवावी हे बाईला समजेना, अन् मलाही समजेना. आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

बंदूक पोलिसांनी जमा केली. ठाणेदार मला धंद्यापायी ओळखायचे, त्यांनी बोलावून विचारलं, "देख के बताओ, हुआ क्या है?" टेबलावर वर्तमानपत्र टाकून त्यावर नळ्या ठेवल्या होत्या. डावी नळी मागच्या टोकापासून हातभर अंतरावर उकललेली, वरची पट्टी अर्धी उखडून वर आलेली. मी चष्मा लावला आणि पट्टीखाली पाहिलं. आत लाल गंजाचे पापुद्रे. नळी बाहेरच्या अंगानं गंजत गंजत इतकी पातळ झालेली की कागद बरा. आणि त्या गंजावर एक पिवळट पांढरी, कडक खपली. नखानं काढली तर चुरा झाला. पट्टीच्या तोंडाशी झाळीला बारीक भेग होती, केस जाईल एवढीच. वरून ओतलेलं काहीतरी वर्षानुवर्षं त्या भेगेतून आत जात होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. पाणी असतं तर नुसता गंज असता. ही खपली पाण्याची नव्हती. काय असावं हे मला तिथं उमगेना.

ठाणेदारांना मी सांगितलं, "पुरानी नली थी साहब, अंदर से गल गई." ते खरंच होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि विषय मिटला.

तिथून मी नागपूरला गेलो. बाई औषध आणायला खाली गेली होती. मी भाऊजींना विचारलं, "बंदुकीवर काय सांडलं होतं? पट्टीखाली पांढरी खपली निघाली." ते छताकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "दूध." अन् दसऱ्याची सगळी रीत त्यांनी मला सांगितली. "तुह्या बहिणीनं घातलं, दरसाली. मायनं शिकवलं तसं. तिले समजलं तं ती जगनार नाई गा. मी मेलो असतो तं बरं, पन हे तिले समजू देऊ नको. काडतूस खराब होतं म्हनू." मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. असा नवरा बाईला मिळाला याचा मला अभिमान वाटला, खरं सांगतो. तीन बोटं गेलेली असताना माणूस बायकोचं मन जपतो, म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

तेव्हापासून काडतूस खराब होतं. गावात तेच, सोयऱ्यांत तेच. मी बंदूकवाला असल्यामुळं माझ्या शब्दाला वजन. कोणी विचारलं की मी भारी चेहरा करून सांगायचो, "जास्तीची दारू भरलेली असते कधी कधी, बनावट माल, काय करता." एकदा सांगितलं की सुटका नव्हती, प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीला कोणीतरी विचारायचंच. बाई जवळ असली की तीही ऐकत राहायची. मला वाटायचं, बरं झालं, पटलंय तिला. त्याचवेळी वाटायचं, बाबांच्या दुकानात बसून नळी ओळखणाऱ्या पोरीला मी काडतुसाच्या गोष्टी सांगतो आहे. बाबा असते तर त्यांनी मला जोड्यानं हाणलं असतं.

त्या घराची रया गेली होती. भाऊजींना धानाचा भारा बांधता येईना. एका हातानं अन् गुडघ्यानं पेंढी दाबून धरायचे, दोन बोटांत दोर पकडायचे, तो निसटायचा, पुन्हा धरायचे. कोणी मदतीला गेलं की ओरडायचे, "सर बाजूले!" शर्टाची बटणं बाई लावायची. मिशीला पीळ द्यायचं त्यांनी सोडून दिलं होतं. पोरगा पुण्याला नोकरीला, तो फोनवर दर वेळी "बाबा, इकडं या" म्हणायचा आणि ते दर वेळी फोन बाईच्या हातात द्यायचे. पुढच्या दसऱ्याला पाटावर नुसता विळा होता म्हणे.

दिवाळीत भाऊबीजेला मी बाईकडं गेलो. बल्लारशाकडं जाणारी गाडी नेहमीसारखी उशिरा सुटली. डब्यात सगळीकडं नव्या कपड्यांचा वास, पोरांची भांडणं. माझं मन लागत नव्हतं. आदल्या भाऊबीजेला आम्ही सगळे नागपूरच्या दवाखान्यात होतो, तेव्हा ओवाळणं झालंच नव्हतं. बाईनं या वेळी दोन्ही सालांचं मिळून ओवाळलं. ताटात दोन सुपाऱ्या ठेवल्या अन् म्हणाली, "एक मांगची, एक यंदाची. उधारी नको ठेवू." हसलो आम्ही. बऱ्याच दिवसांनी हसलो.

जेवण झाल्यावर भाऊजी मागच्या अंगणात गेले. तिथं भारे पडले होते अन् ते ऐकणाऱ्यातले नव्हते. मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलो. बाई चुलीशी चहाचं आधण ठेवत होती. गॅस आहे, पण चहा चुलीवरचाच लागतो भाऊजींना. माझ्याकडं पाठ करूनच ती म्हणाली, "ठानेदारानं तुले बोलावलं होतं ना तवा? काय दिसलं तुले?"

"काडतूस," मी म्हटलं. "किती वेळ सांगू? काडतुसात दारू जास्त होती."

"पट्टी उखडली होती का?"

मी मान वर करून तिच्या पाठीकडं पाहिलं. नळी फुटल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं, पण पट्टीबद्दल कोणी कधी विचारलं नव्हतं. ते विचारायला पट्टी म्हणजे काय हे ठाऊक असावं लागतं.

"सांग ना गा," ती म्हणाली. "मी काय लहान पोर हाव?"

"बाई, कायले खोदून राहिली तू? झालं ते झालं."

"मी वाजवून पाह्यली होती," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडं वळली आणि तिनं सांगितलं. अपघाताच्या आधीच्या दसऱ्याला, म्हणजे बोटं गेली त्याच्या काही दिवस आधी, पूजा झाल्यावर भाऊजींनी पुसायला म्हणून नळ्या सोडवल्या अन् बाहेर पाहुणे आले म्हणून उठून गेले. बाईनं त्या बोटावर टांगल्या. का, तर असंच. कधीच्या काळी बाबांपाशी करायची तसं. पेरानं टकटक केलं. भद्द वाजलं. तिला वाटलं नळी ओली आहे म्हणून. पुसून पुन्हा वाजवली. भद्दच. तशीच उठून ती बैठकीत गेली अन् चार पाहुण्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "हे चालवू नका आता. पट्टी सुटली हाय. भावाले दाखवा आधी."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? हसले. म्हनले, आली बंदूकवाल्याची पोरगी परीक्षा घ्याले. सारे हसले. मंग म्हनले, भावाचं दुकान चालत नाई का तुह्या, गिऱ्हाईक धुंडून रायली?" चहाचं पाणी उकळून चुलीत सांडलं, तिनं भांडं बाजूला घेतलं. "मले लई लागलं ते. बाबाचं नाव घेतलं, तुहं घेतलं. मी मंग काईच बोलली नाई. म्हनलं, जाऊ दे. मराले दे ते बंदूक."

माझ्या डोक्यात असा जाळ उठला की समोरचं दिसेना. हा माणूस! दवाखान्यात माझा हात धरून "तिले समजू देऊ नको" म्हणणारा, अन् मी त्याच्या पायाला लागायचा बाकी राहिलेलो. बाईनं सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं, चार लोकांत. हे त्यांनी मला एका अक्षरानं सांगितलं नाही. वर्षभर मी काडतुसाची पोपटपंची करत फिरलो ती कोणाची लाज झाकायला? बाईचं मन जपायला की त्यांची शान जपायला? मी उठलोच. "थांब, त्यायले इचारतोच आता," म्हटलं अन् दाराकडं निघालो.

बाईनं माझ्या सदऱ्याची बाही धरली. चांगली घट्ट धरली.

"बस," ती म्हणाली. "आधी मले सांग. दूध होतं ना आत?"

आता खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. "हो," मी म्हटलं. "त्यायनंच सांगतलं दवाखान्यात, तुले समजू द्यायचं नाई म्हनून."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पदरानं तोंड पुसलं. "मले वाटतच होतं," म्हणाली. "धार सोडली का दूध कमीच उतरे पाटावर. मी म्हनो, पेली बंदूक. खुश होत होती मी."

मला हुंदका आला. मोठा माणूस मी, केस पांढरे झालेले, पण नाही आवरला. "तुही चूक नाई बाई," मी म्हणत राहिलो, "तू सांगतलं होतं. त्यायनं ऐकलं नाई. त्यायची चूक हाय, मी आता त्यायच्या तोंडावर..."

"काई नाई म्हनायचं तू," ती म्हणाली. "मले समजलं हे त्यायले समजू द्यायचं नाई. आनिक मी सांगतलं होतं, हे तुले माहीत हाय, तेबी नाई."

"काऊन?"

"त्यायले आठवत नसन का? दोर निसटला का आठवते त्यायले. मी बटन लावतो, तवा तोंड तिकडं करतात. मी एक डाव म्हनलं ना, का मी तं सांगतलं होतं, तं संपले ते." तिनं बाही सोडली. "दुधाचा दोष माह्यावर येऊ नये म्हनून वरीसभर झाकून रायले. तेवढंच एक काम रायलं हाय भाऊ त्यायच्या हाती. तेबी हिसकू का मी?"

मी पाटावर बसलो. मला राग येतच होता, अजूनही येतो. पण तो घेऊन जायला ते दार आता बंद झालं होतं.

भाऊजी आत आले. कपाळावर घाम, सदऱ्याला धानाची कुसं लागलेली, भारा बांधला गेला नसावा. माझे डोळे त्यांना दिसले असणार. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाईकडं, अन् भिंतीला टेकून बसता बसता घाईघाईनं म्हणाले, "त्या काडतूसवाल्यावर केस टाकाले पाह्यजे होती गा आपन. नाई का?"

चहा गाळता गाळता बाईच बोलली, मोठ्यानं, अंगणापर्यंत ऐकू जाईल अशी.

"केस टाकून काय होते? मुडदा बसवला त्याचा! वाटोळं होईन त्या काडतूसवाल्याचं, लिहून ठेवा."

"हो ना," भाऊजी म्हणाले अन् उजवा हात पुढं करून त्यांनी तिच्याकडून चहा घेतला.